अकरावीत गणित सोडण्याआधी

दहावीचा निकाल लागला की लातूर-नांदेडमधल्या घराघरांत एकच खल सुरू होतो: पीसीबी की पीसीएम? नीटच्या अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून कितीतरी मुलं गणित सोडतात. त्यासरशी आर्किटेक्चर आणि नगररचना हे दोन्ही रस्ते बंद होतात, याचा पालकांना अनेकदा पत्ताही नसतो. शहरातली उद्यानं, मैदानं, नदीकाठ आणि चौक आखण्याचा व्यवसाय, म्हणजे लँडस्केप आर्किटेक्चर, याच रस्त्यानं पुढे जातो. मराठवाड्यातल्या शहरांना या कामाची निकड इतरांहून जास्त आहे. इथली जमीन आणि इथलं पाणी अंगावर घेतलेली मुलंच ते नीट करू शकतील, असं माझं ठाम मत आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: झाडं लावायला पाच वर्षं कशाला शिकायची, त्यासाठी माळी आहे की! लातूरचं २०१६ आठवून याचं उत्तर द्यायला हवं. त्या मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा गावात हिरवळीचं उद्यान करायचं म्हणजे रोज पाणी मागणारी गोष्ट पदरात घ्यायची. पडलेला पाऊस कुठे वाहून न्यायचा, कुठे जिरवायचा, कडुनिंब, करंज, बहावा यांतलं कोणतं झाड कुठे लावलं तर दुपारी बाकावर सावली पडेल, हे कागदावर आधी ठरवावं लागतं. काळ्या मातीचंच पाहा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खालची माती काढून मुरूम नीट दाबला नाही, तर पेव्हर ब्लॉक वरखाली होतात. मग ठेच लागेल या भीतीनं म्हातारी माणसं तिकडे फिरकतच नाहीत. नांदेडचा प्रश्न नेमका उलटा आहे. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की गोदावरी घाटांवर चढते. २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्तानं शहरात आणि नदीकाठी मोठी कामं झाली. अशा काठावरचा प्रत्येक बाक आणि दिव्याचा खांब पुरात बुडेल, त्यावर गाळ बसेल आणि तो धुऊन पुन्हा वापरावा लागेल, असं धरूनच आखणी करावी लागते. हे माळ्याच्या कामाच्या पलीकडचं आहे. शिवाय लातूरला आखणी काही परकी नाही. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यावर १९१७ मध्ये उभी राहिलेली गंजगोलाई आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते आजही गावाचा बाजार पेलतात.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: नोकरी कुठे? जागा आणि कायदा तर आहेत. राज्याच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार चार हजार चौरस मीटर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. २०१५ च्या अमृत योजनेत नांदेड-वाघाळा आणि लातूर या दोन्ही महापालिका होत्या, आणि त्या योजनेत उद्यानांसाठी वेगळा वाटा होता. तरीही नव्या वसाहतींतली ‘ओपन स्पेस’ अनेकदा तारेचं कुंपण आणि आत माजलेलं रान, एवढीच उरते. उद्यानासाठी आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली मालकाच्या नोटिशीनंतर ते आरक्षण रद्दही होऊ शकतं. अशा जागांचं सोनं होऊ शकतं, हे मुंबईत दिसलं आहे. जिथे १९७७ पर्यंत शहराचा कचरा पडत होता, तिथेच १९९४ मध्ये माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान खुलं झालं.

पण पालकांपासून काही लपवायला नको. लहान महापालिकांत लँडस्केप आर्किटेक्ट असं पद सहसा नसतं. काम सल्लागारांकडून निविदेनं करून घेतलं जातं. पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत सुरुवातीचा पगार बेताचा असतो, आणि डॉक्टरशी तुलना केली तर हे क्षेत्र पहिली काही वर्षं हरणारच. म्हणूनच बारावीनंतर लगेच अरुंद वाट धरू नये. पाच वर्षांची बी.आर्क. करावी, मग दिल्लीच्या एसपीएमध्ये, अहमदाबादच्या सेप्टमध्ये किंवा पुण्याच्या भानुबेन नानावटी महाविद्यालयात लँडस्केपचं पदव्युत्तर शिक्षण घ्यावं. मन बदललं तरी आर्किटेक्टची पदवी हातात राहते. सरकारी नोकरीचाच आग्रह असेल, तर एमपीएससीच्या सहायक नगररचनाकार पदाला सिव्हिल, आर्किटेक्चर आणि नियोजन या पदव्या चालतात. मोकळ्या जागांची आरक्षणं ज्या विकास आराखड्यात ठरतात, त्याचं काम याच विभागात चालतं.

तेव्हा अकरावीला मूल डगमगत असेल, तर जीवशास्त्रासोबत गणितही ठेवा. अभ्यास वाढेल, पण बारावीनंतर नाटा किंवा जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर देता येईल. गणित सुटलंच असेल, तर एमएचटी-सीईटी देऊन परभणीच्या कृषी विद्यापीठात उद्यानविद्येची पदवी घेता येते. महापालिकांच्या उद्यान विभागात तिला मोल आहे. आणि दहावीनंतर लातूरच्या पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतनात पदविकेला जाणाऱ्या मुलांनाही, पदविकेत गणित असेल तर, तीन वर्षांनी नाटा देता येते.