विहिरीचा सवाब आणि शौचकूपाचे अंतर

हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांच्या मातेचे निधन झाले, तेव्हा तिच्या वतीने कोणता सदका श्रेष्ठ, असे त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले. उत्तर मिळाले, पाणी. सअद (रजि.) यांनी विहीर खणवली. ही हदीस आपल्या घराघरांत ठाऊक आहे. मात्र साचलेल्या पाण्यात लघवी करण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली, पाणवठ्यावर, रस्त्यावर आणि सावलीच्या जागी शौचास बसणे शापास कारण ठरते, असेही बजावले. सदक्याच्या प्रवचनांत या हदीसी क्वचितच येतात. वस्तुतः त्या विहिरीच्या हदीसीसोबतच वाचावयास हव्यात.

बांगलादेशातील कॉक्स बाजारचे उदाहरण पाहा. ऑगस्ट २०१७ नंतरच्या काही महिन्यांत म्यानमारमधून सात लाखांच्या आसपास रोहिंग्या तेथे आले. मदतही धावून आली. टेकड्यांच्या उतारांवर झोपड्या, शौचकूप आणि उथळ कूपनलिका एकमेकांना खेटून उभ्या राहिल्या आणि मैला झिरपून अनेक कूपनलिकांच्या पाण्यात मिसळला. पाणी होते, शौचकूप होते. दोहोंत अंतर नव्हते. मदतकार्याच्या मानकांनुसार ते सर्वसाधारणपणे किमान ३० मीटर असावे लागते.

त्याच वर्षअखेरीस तेथील लहान मुलांतील तीव्र कुपोषण आणीबाणीची पातळी ओलांडून गेले होते. याचे कारण केवळ अन्नाची टंचाई नव्हे. दूषित पाण्याने हगवण लागली की मुलाची भूक मरते, आतड्यांचे अस्तर दुखावते आणि पोटात गेलेला घास अंगी लागत नाही. अशक्त झालेले मूल पुन्हा हगवणीला बळी पडते. तान्ह्या बाळांसाठी पाठवलेली दूधभुकटी अशा पाण्यात कालवली, तर ती मदत नसून अपायच होय. त्यापेक्षा आईच्या पोटाची सोय करावी. कुरआनने स्तनपानाची पूर्ण मुदत दोन वर्षे सांगितली आहेच.

रमजानमध्ये आपण पीडितांसाठी रेशनचे संच पाठवतो. त्यांत साबण आणि झाकणाचे पाण्याचे भांडे असावे, असे मला वाटते. हनफी फिक्हनुसार जकातीची वस्तू गरजूच्या मालकीची व्हावी लागते. साबण आणि भांडे त्या अटीत बसतात. सार्वजनिक कूपनलिका व शौचकूप बसत नाहीत. त्यांसाठी नफल सदका वेगळा काढावा आणि रक्कम स्वीकारणाऱ्या संस्थेला, कूपनलिकेपासून शौचकूप किती अंतरावर आहे, हे अवश्य विचारावे.