वाफ, कूळ आणि माप

ग्रंथ वाचताना एखादा शब्द अडला की आपण कोश उघडतो. कोश अवश्य उघडावा. पण त्याआधी गावातल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारून पाहावे, ही गोष्ट मला फजिती होऊन कळली. ती अशी.

सन १९६५ च्या सुमारास अजिंठ्याजवळच्या आमच्या खेड्यात ज्ञानेश्वरीचा सप्ताह बसला होता. मी नुकताच मॅट्रिक झालेला. म्हणून अर्थ सांगण्याचे काम गावाने माझ्याकडे दिले. तेरावा अध्याय चालू होता. क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ, म्हणजे शेत आणि शेताला जाणणारा, असा त्याचा विषय. आरंभीच माउली शेतीचा दृष्टांत मांडतात आणि त्यात विधीच्या संगतीने ‘वाफ’ हा शब्द येतो. मी ठोकून दिले, “वाफ म्हणजे पाणी तापल्यावर निघते ती. विधी वाफेसारखा हातातून उडून जातो.” माझे मलाच मोठे कौतुक वाटले! तोच खांबाशी बसलेली माझी आजी म्हणाली, “बाबा, ही चुलीवरली वाफ न्हाई. वावरातली हाय. वाफसा रे त्यो! वाफसा चुकला म्हंजी पेरा गेला.” मंडप हसला. आजीला अक्षर येत नव्हते.

आता वाफसा म्हणजे काय, हे शहरात वाढलेल्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. आमच्याकडची काळी जमीन मोठी हट्टी. पाऊस पडला की तिचा गारा होतो. तिफण घातली तर फणाला माती चिकटते, नळ तुंबतात आणि चाड्यातले बी खाली उतरत नाही. पुढे ऊन लागले की तीच जमीन ढेकळे धरते, तिला भेगा पडतात. या दोहोंच्या मध्ये दोन-चार दिवस असे येतात की मातीत ओलही असते आणि हवाही खेळते. तो वाफसा. मुरमाड रानाला तो लवकर येतो आणि लवकर जातो. परीक्षा अगदी सोपी. मूठभर माती घ्यायची, दाबायची आणि खाली टाकायची. गोळा तसाच राहिला तर थांबा. फुटून भुगा झाला तर तिफण जुंपा. मुळी गोळाच झाला नाही तर वेळ गेली.

हा अर्थ ध्यानात घेऊन तो दृष्टांत पुन्हा वाचावा. विधीचा वाफसा चुकवून अन्यायाचे बी पेरले, तर पापाचे पीक अमाप येते आणि कोटी जन्म दुःख भोगावे लागते. त्याच विधीच्या वाफशावर सत्कर्माचे बी टाकले, तर शेकडो जन्म सुख. म्हणजे बी चांगले हवे ते हवेच, शिवाय वेळही साधली पाहिजे. मी सांगितलेल्या बाष्पात यातले काय उरले होते? काहीच नाही.

येथे अभ्यासकांसाठी एक खुलासा. हे मत माउली आपले म्हणून सांगत नाहीत. क्षेत्र कोणाचे, यावर निरनिराळ्या पक्षांचा जो वाद आहे, त्यातल्या जीववाद्यांचे हे म्हणणे आहे. पुढे दुसरे पक्ष ते खोडून काढतात. प्रवचनात हे सांगायचे बहुधा राहून जाते. असो.

त्याच दृष्टांतात प्राणाला ‘कूळ’ म्हटले आहे. आजच्या मुलाला विचारा, तो म्हणेल कूळ म्हणजे घराणे, कुळदैवतातले. पण आमच्या आजोबांना शंका पडली नसती. दुसऱ्याची जमीन कसतो ते कूळ! निजामाच्या राज्यात त्यांनी ते स्वतः भोगले होते. हैदराबाद राज्याचा कूळकायदा झाला तो पुढे १९५० साली. जमीन जीवाची, कसणारा प्राण, घरात राबणारे त्याचे चार भाऊ म्हणजे उरलेले चार वायू, देखरेखीला मन, आणि इंद्रियांचे बैल. या बैलांना ना रात्र ना पहाट, विषयांच्या रानात सारखे जुंपलेले. ज्याने दुसऱ्याचे रान कसले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आणि माप. सत्कर्माचे सुख तेथे मापाने मोजले आहे. आमच्या खळ्यावर रास उपणून झाली की मोजणारा पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. मग दोन, तीन. सुतार, लोहार, कुंभार आपापल्या वाट्यासाठी खळ्यावरच येऊन बसलेले असत. घरात जाण्याआधी धान्य असे वाटले जाई. आज मळणीयंत्रातून ते थेट पोत्यात पडते. त्यात कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. जुन्या कष्टांचे गोडवे गाणारांपैकी मी नाही. फक्त तो ‘लाभ’ मात्र कानावर येत नाही.

शब्द किती लवकर जातात पाहा. सावता महाराजांनी मोट, नाडा, विहीर यांत पंढरी पाहिली. परवा एका कीर्तनात नाडा म्हणताच पोरे फिदीफिदी हसली. त्यांना लेंग्याचा नाडा ठाऊक. मोट ही मोटारीचीच धाकटी बहीण असावी, असेही एकाने मला विचारले. त्यांचा काय दोष? विहिरीवर आधी इंजिन आले, मग विजेची मोटार. धाव बुजली, थारोळे फुटले. आमच्या वडिलांच्या पिढीत घाट उतरून फर्दापूरच्या पुढे इंग्रजी मुलखात जाताना हाली रुपया देऊन कलदार घ्यावा लागे. हाली आणि कलदार, दोन्ही शब्द आज कोणाच्या तोंडी नाहीत. घाटाखाली मात्र ‘मले-तुले’ अजून तसेच ऐकू येते.

‘इर्जिक’ हा शब्दही असाच. मृग निघतो जूनच्या सात-आठ तारखेला आणि पालख्याही त्याच सुमारास हलतात. पाऊस लांबला की वारकऱ्याच्या जिवाची ओढाताण: वाफसा धरावा की वाट धरावी? एका वर्षी आमच्या आळीतल्या एका विणेकऱ्यावर हीच वेळ आली. तो निघण्याच्या तयारीत आणि रान कोरडे. शेजारी म्हणाले, “तू जा, आमी इर्जिक करतो.” दहा दिवसांनी वाफसा आला तेव्हा सहा तिफणी त्याच्या वावरात उतरल्या. मजुरी नाही, दुपारी भाकरी, पिठले आणि गूळ. तो पंढरीहून परतला तेव्हा रोपे वीतभर झाली होती.

वाफसा हा शब्द मात्र टिकला आहे. शेतीखात्याच्या पत्रकातही तो असतो: पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्याखेरीज पेरणी करू नये. गेल्या जूनमध्ये आमच्या शेजारी ट्रॅक्टर उभा होता. चालवणारा विशीतला पोरगा. खिशात मोबाईल, त्यात हवामानाचा अंदाज. खाली उतरला, मूठभर माती घेतली, दाबली, टाकली. गोळा फुटला नाही. “आज न्हाई आजोबा, परवा,” म्हणाला आणि ट्रॅक्टर परत घेऊन गेला.