उपघटक ३.४ : अनेकार्थी इंग्रजी शब्द आणि मराठीतील उसनवारी

परभाषेतून शब्द स्वीकारताना त्याचे सर्वच अर्थ आपल्या भाषेत येतात का, याचा विचार या उपघटकात करावयाचा आहे. त्यासाठी सोलापूरच्या वस्त्रव्यवसायाशी निगडित असे नित्य परिचयाचे चार शब्द घेऊ.

१. मिल : इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ धान्य दळण्याचे साधन असा आहे. ब्रिटनमधील आरंभीचे वस्त्रकारखाने पिठाच्या गिरण्यांप्रमाणेच पाणचक्कीवर चालत; म्हणून त्यांनाही तेच नाव मिळाले. सोलापुरात १८७० च्या दशकात स्थापन झालेली कापडगिरणी पुढे 'जुनी मिल' म्हणून ओळखली गेली. येथे 'मिल' म्हणजे कापडाचीच. दळण मात्र आपण 'गिरणी'त नेतो. उलट, 'गिरणी' हा शब्द मराठीत दळणाची आणि कापडाची, अशा दोन्ही अर्थांनी रूढ आहे. म्हणजेच उसन्या शब्दाचा अर्थ संकोचला, तर रूढ शब्दाचा विस्तारला.

२. बीम : इंग्रजीत हा शब्द प्राचीन काळी 'झाड' या अर्थी होता. त्यावरून लाकडी तुळई, मागावरील ताणा गुंडाळण्याचा रूळ आणि प्रकाशाचा झोत असे अर्थ निर्माण झाले. यंत्रमाग कामगाराचा 'बीम' आणि गवंड्याचा 'बीम' मराठीत स्वतंत्रपणे आले. त्यांना जोडणारे झाड मात्र इंग्रजीतच राहिले.

३. शटल : याचा वस्त्रव्यवसायातील अर्थ धोटा. धोटा ताण्यातून अखंड ये-जा करतो. या साम्यावरूनच दोन स्थानकांदरम्यान ये-जा करणारी गाडी 'शटल' झाली आणि बॅडमिंटनचे फूलही 'शटल' म्हटले गेले. मराठीत हे दोन्ही लाक्षणिक अर्थ रुळले. मूळ अर्थासाठी 'धोटा' हा शब्द होताच. परिणामी गाडी आणि फूल यांचा परस्परसंबंध मराठी भाषकाला सहसा जाणवत नाही.

४. लूम : 'पॉवरलूम'मधील 'लूम' म्हणजे माग. परंतु इंग्रजीत 'धूसर, भीतिदायक रूपात समोर उभे ठाकणे' या अर्थाचे याच उच्चाराचे क्रियापदही आहे. या दोहोंत अर्थसंबंध नाही. असे शब्द अनेकार्थी नसून समरूप भिन्नार्थी होत. हा भेद लक्षात ठेवावा.

निष्कर्ष : उसनवारीत शब्दाचे निवडक अर्थ येतात, त्या अर्थांना जोडणारा धागा बहुधा मागे राहतो. म्हणून इंग्रजी मजकूर वाचताना किंवा अनुवादताना मराठीत रूढ असलेला अर्थ गृहीत धरू नये. विणकामाच्या वर्णनातील 'शटल' तसाच ठेवला, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे गाडी उभी राहील. अर्थांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा मूळ अर्थ शोधावा. इतर अर्थ त्यावरून उलगडतात. आपणांपैकी ज्यांनी मागावर काम केले आहे, त्यांना धोटा आणि गाडी यांतील साम्य सहज उमगेल. आपला व्यवसाय हीदेखील भाषाभ्यासाची सामग्री आहे, हे विसरू नये.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न
१. अनेकार्थी आणि समरूप भिन्नार्थी शब्दांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. आपल्या व्यवसायातील दोन इंग्रजी शब्द निवडून त्यांचे मूळ व रूढ अर्थ नोंदवा.