लॅपटॉपची बॅटरी : स्वभाव ओळखा, नुकसान टाळा



पेढीच्या गादीवर पूर्वी फक्त लाल वही असे. आता तिच्या शेजारी लॅपटॉप आला आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हापासून तर बिले, स्टॉक, उधारी, रिटर्न हे सारे त्या एका यंत्रात असते. यंत्र घेताना आपण दहा दुकाने फिरतो, भाव करतो. मात्र त्याच्या पोटातील बॅटरीकडे ती बिघडेपर्यंत आपले लक्ष जात नाही. आमचेही गेले नव्हते. त्याची किंमत आम्ही मोजली आहे, म्हणून हा लेख.

रमजानचा सीझन होता. पंधरावा रोजा उलटला की कापड बाजारात बसायला जागा नसते. दुपारी गिऱ्हाईक समोर उभे असताना लाईट गेली आणि लॅपटॉप त्याच क्षणी बंद पडला. पडद्यावर तर बॅटरी ६० टक्के दाखवत होती. चालू असलेली हिशेबाची फाइल खराब झाली. ती दुरुस्त होऊन येईपर्यंत दोन दिवस कोणाकडे किती येणे आहे हे आम्ही आठवणीने आणि चिठ्ठ्यांवरून जुळवत होतो. दुसऱ्याचा हिशेब ही आपल्याकडची अमानत असते. त्या दोन दिवसांत आम्हाला गिऱ्हाइकांसमोर मान खाली घालावी लागली.

खरा धक्का तर पुढेच होता. लॅपटॉप उचलून पाहिला तर बोट फिरवायची पट्टी वर आली होती. खालची बॅटरी फुगली होती. मेकॅनिकने ती काढून नवी बसवली आणि जुनी मुलाच्या हातात दिली. मुलाने ती कुठे ठेवावी? गोदामात, कटपीसच्या गठ्ठ्यावर! आठवडाभराने आमच्या नजरेस पडली. त्या दिवशी आम्ही अल्लाहचे शुक्र मानले आणि हा विषय नीट समजून घ्यायचे ठरवले.

चूक कोठे झाली?

चूक आमच्या समजुतीत होती. आम्ही मुनीमजींना सांगून ठेवले होते की, बॅटरी रोज पूर्ण उतरू द्यावी, मगच चार्जिंगला लावावी. हा सल्ला आम्ही तरुणपणी ऐकला होता. तो सल्ला खोटा नव्हता, पण दुसऱ्या बॅटरीचा होता.

बॅटरी म्हटले की सगळ्या एकच असे आपण धरून चालतो. सुती, रेशमी आणि पॉलिएस्टर यांना एकाच तापाची इस्त्री चालत नाही हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. बॅटरीचेही तसेच आहे. तिघींचे स्वभाव वेगवेगळे आहेत.

पहिली, शिसे आणि आम्लाची. ही १८५९ साली फ्रान्समधील गास्तों प्लांते यांनी तयार केली. आपल्या दुकानातील इन्व्हर्टरला आणि गाडीला बहुधा हीच असते. हिला भरलेले राहणे आवडते. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की खराब होते.

दुसरी, निकेल-कॅडमियमची. ही स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ साली शोधली. जुने कॉर्डलेस फोन, सुरुवातीचे मोबाइल आणि सुरुवातीचे लॅपटॉप यांत ही असे. अर्धी उतरल्यावर वारंवार चार्ज केली तर तिची ताकद तिथेच अडल्यासारखी होई. म्हणून ‘पूर्ण उतरवा, मग भरा’ हा सल्ला निघाला.

तिसरी, लिथियम-आयनची. जपानच्या सोनी कंपनीने ही १९९१ साली बाजारात आणली. हिच्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या लॅपटॉपमध्ये आणि मोबाइलमध्ये हीच असते. हिला पूर्ण भरलेले राहणे आवडत नाही आणि पूर्ण रिकामे होणेही आवडत नाही. ही मधल्या मार्गाने चालणारी आहे.

म्हणजे इन्व्हर्टरचा नियम लॅपटॉपला लावला तरी नुकसान आणि जुन्या कॉर्डलेसचा लावला तरी नुकसान. आम्ही दुसरा लावला आणि फसलो.

बॅटरी म्हातारी कशाने होते?

लॅपटॉपच्या बॅटरीत लहान लहान सेल असतात. एक सेल पूर्ण भरला की साधारण ४.२ व्होल्टवर जातो आणि उतरला की ३ व्होल्टच्या आसपास येतो. प्रत्येक भरण्या-उतरण्यात आतील रसायन थोडे थोडे झिजते. साधारण बॅटरी ३०० ते ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर मूळ ताकदीच्या ८० टक्क्यांपर्यंत उतरते. काही महाग यंत्रांत हा आकडा १००० पर्यंत असतो. येथे एक फेरी म्हणजे चार्जर एकदा लावणे नव्हे. आज निम्मी वापरून भरली आणि उद्या निम्मी वापरून भरली, तर दोन्ही मिळून एक फेरी होते. म्हणून थोडी उतरली की थोडी भरणे यात काहीही गैर नाही.

फेऱ्यांपेक्षाही मोठे दुश्मन दोन आहेत : उष्णता, आणि सतत शंभर टक्के भरलेले राहणे. मागावर ताण्याचा धागा कायम जास्त ओढून ठेवला तर तो काम न करताही कमजोर होतो. भरलेल्या सेलची स्थिती तशीच असते. जाणकार देतात ते आकडे पाहा. बॅटरी ४० टक्के भरून २५ अंश तापमानात वर्षभर नुसती ठेवली तर तिची साधारण ९६ टक्के ताकद शिल्लक राहते. तीच पूर्ण भरून ठेवली तर ८० टक्के. आता तापमान ४० अंश धरा. ४० टक्के भरलेलीत ८५ टक्के ताकद उरते आणि पूर्ण भरलेलीत फक्त ६५ टक्के. म्हणजे न वापरतासुद्धा एका वर्षात तिसरा हिस्सा गेला!

एप्रिल-मे महिन्यांत मालेगावसारख्या ठिकाणी पारा ४० अंशांच्या वर जातो. त्यात पत्र्याचे गोदाम, आणि चोवीस तास चार्जरला लावलेला लॅपटॉप. मग बॅटरी दोन वर्षांत का गेली, हा प्रश्न विचारायचे कारण उरत नाही.

आपल्या धंद्यातील खास धोके

कापडवाल्यांना दोन गोष्टी जास्त भोवतात. पहिली म्हणजे गादी. लॅपटॉपला आतील गरम हवा बाहेर टाकण्यासाठी खाली आणि बाजूला जाळ्या असतात. तो गादीवर, तक्क्यावर किंवा ताग्यावर ठेवला की खालच्या जाळ्या बंद होतात आणि सारी उष्णता बॅटरीवर येते. खाली एक लाकडी पाट किंवा पुस्तक ठेवायचा पाया असला तरी पुरे. आमच्या पेढीवर आता जुने लाकडी रेहल लॅपटॉपसाठी ठेवले आहे का, असे एकाने विचारले. तसे मुळीच नाही. रेहलचा मान वेगळा. आम्ही सुताराकडून चार पट्ट्यांचा साधा पाट करून घेतला आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे कापसाचे तंतू. यंत्रमागाच्या कारखान्यात आणि कापड कापण्याच्या टेबलाजवळ हवेत बारीक तंतू उडत असतात. ते पंख्याच्या जाळीत जाऊन नमदा बनतो. वर्षातून एकदा, माग शेजारी असतील तर दोनदा, जाणत्या माणसाकडून पंखा साफ करून घ्यावा. खर्च थोडा आहे, फायदा मोठा आहे.

मर्यादा कशी लावावी?

लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच चालत असेल तर रोज पिन काढत बसण्याची गरज नाही. लेनोवो, डेल, एचपी, आसूस यांसारख्या कंपन्यांच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जिंगला मर्यादा घालण्याची सोय असते. ती कंपनीच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये किंवा यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये मिळते. तेथे ८० टक्के ही मर्यादा निवडावी. लाईट गेल्यावर चालू बिल पूर्ण करून फाइल बंद करायला चांगल्या बॅटरीत इतका साठा भरपूर होतो. ज्यांच्या यंत्रात ही सोय नाही त्यांनी ८०-९० टक्क्यांवर पिन काढावी आणि २० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नये. प्रवासाला निघण्यापूर्वी पूर्ण भरण्यास हरकत नाही. एखाद्या दिवसाने काही बिघडत नाही, रोजच्या सवयीने बिघडते.

जुन्या सल्ल्यातील एक तुकडा आजही कामाचा आहे. टक्के दाखवणारा काटा कधी कधी चुकू लागतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा बॅटरी दहा टक्क्यांपर्यंत उतरवून पूर्ण भरली की काटा पुन्हा ताळ्यावर येतो. यात फक्त काटा दुरुस्त होतो, बॅटरीची ताकद वाढत नाही.

दुकान महिनाभर बंद राहणार असेल, उमरा किंवा हजला जायचे असेल, तर लॅपटॉप निम्मा भरून, पूर्ण बंद करून थंड व कोरड्या जागी ठेवावा. रिकामा ठेवला तर सेल इतका खाली जातो की आतील सुरक्षा यंत्रणा तो पुन्हा भरूच देत नाही. आणि सफरीत ध्यानात ठेवावे की सुटी बॅटरी आणि पॉवर बँक विमानात सामानाच्या पेटीत टाकता येत नाही, ती हातातील बॅगेतच न्यावी लागते. १०० वॉट-तासांपेक्षा मोठी असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते.

तब्येत तपासणे

विंडोजवर चालणाऱ्या लॅपटॉपमधून ‘बॅटरी रिपोर्ट’ नावाचा कागद काढता येतो. दुकानातील शिकलेल्या मुलाला सांगितले तर तो पाच मिनिटांत काढून देईल. त्यात दोन आकडे पाहावेत : बॅटरी नवी असतानाची क्षमता आणि आजची क्षमता. नवी असताना ४५ वॉट-तास आणि आज २७ असेल, तर ६० टक्के उरली. अशा वेळी सीझन येण्याआधीच बदलावी, भर सीझनमध्ये नव्हे. आम्ही हा कागद आता वर्षातून दोनदा काढतो आणि वहीत चिकटवतो.

नवी घेताना

येथे आम्ही दुसरी चूक केली. मेकॅनिकने ‘ओरिजिनल’ म्हणून बिलाशिवाय जी बॅटरी बसवली, ती आठ महिन्यांत बसली. तक्रार कोणाकडे करणार? हातात कागदच नव्हता. आपण गिऱ्हाइकाला पक्के बिल देतो, मग घेताना ते का मागू नये? बॅटरी घेताना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, आयएस १६०४६ हा क्रमांक आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. व्होल्टचा आकडा जुन्या बॅटरीशी जुळला पाहिजे. फार स्वस्त मिळणाऱ्या मालात सुरक्षा यंत्रणाच कमी केलेली असू शकते. मोठ्या कंपन्याही चुकतात. ऑगस्ट २००६ मध्ये डेलने सोनीचे सेल असलेल्या ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या आगीच्या धोक्यामुळे परत मागवल्या होत्या. पण तेथे परत घेणारे कोणी तरी होते. बिलाशिवायच्या मालाला मालक नसतो.

फुगली तर काय करावे?

बॅटरी फुगते म्हणजे आत वायू तयार झालेला असतो. ती दाबू नये, टोचू नये, पुन्हा चार्ज करू नये. लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा. यंत्र किंवा काढलेली बॅटरी कापड, कागद आणि पुठ्ठ्यापासून दूर, फरशीवर, मोकळ्या सावलीत ठेवावी आणि लवकरात लवकर कंपनीच्या केंद्रावर द्यावी. भंगारवाल्याला किंवा घंटागाडीत देऊ नये. तेथे ती चेपली की पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवणे आपले काम आहे आणि ती परत गोळा करणे उत्पादकाचे.

धूर निघू लागला तर माणसे आधी बाहेर काढावीत, धूर विषारी असतो. मेन स्विच बंद करून १०१ ला फोन करावा. वीज तोडलेली असेल आणि आग लहान असेल तर दुरून भरपूर पाणी ओतावे, कारण सेल थंड होणे महत्त्वाचे. कापड टाकून ही आग दबत नाही आणि विझलेली दिसली तरी पुन्हा पेटू शकते.

थोडक्यात

१) पूर्ण उतरवण्याची जुनी सवय सोडा. २० ते ८० टक्क्यांत ठेवा.
२) दिवसभर चार्जरवर असेल तर मर्यादा लावा.
३) गादीवर नको, पाटावर ठेवा. पंखा साफ करून घ्या.
४) सीझनआधी बॅटरी रिपोर्ट पाहा. हिशेबाची दुसरी प्रत रोज वेगळ्या ठिकाणी ठेवा.
५) पक्के बिल आणि मानक चिन्हाशिवाय बॅटरी घेऊ नका.
६) फुगलेली बॅटरी गोदामात एक रात्रही ठेवू नका.

चांगल्या वस्तूची बेफिकिरीने लवकर नासाडी करणे हाही इसराफच आहे. दोन-चार हजारांची बॅटरी गेली तर परत घेता येते. पण गिऱ्हाइकाचा हिशेब, गोदामातील माल आणि गोदामात काम करणारी मुले, यांची हिफाजत आपल्यावर आहे. आज दुकान बंद करण्यापूर्वी लॅपटॉप उलटा करून एकदा पाहा आणि तो मेजावर सपाट बसतो की डुगडुगतो, एवढे तपासा.

अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.