पायावर गोळी का नाही?

प्रश्न : बदलापूरच्या शाळेतील मुलींवरील लैंगिक अत्याचार प्रकरणातील आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागून मेला. पोलिसांनी पायावर गोळी झाडायला नको होती का?
– एक वाचक, कोलशेत, ठाणे

उत्तर : 23 सप्टेंबर 2024च्या त्या घटनेनंतर मुंबई उच्च न्यायालयानेही हाच प्रश्न विचारला होता. माझे मत थोडे वेगळे आहे. चालत्या गाडीत, हातघाईत पायाचा नेम धरणे सिनेमातच सोपे असते. शिवाय मांडीतली मोठी धमनी फुटली तर माणूस काही मिनिटांतही दगावू शकतो.

आरोपीने पिस्तूल हिसकावले, असे पोलिसांचे म्हणणे. मग खरा पर्याय त्याआधीचा : आरोपी आणि भरलेले पिस्तूल एकमेकांच्या हाताच्या अंतरावर येतातच कसे? गाडीत जाळीचा आडपडदा हवा, जवळ बसणारा शिपाई निःशस्त्र हवा. बेड्यांचे म्हणाल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 43 बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्यांत त्यांना स्पष्ट मुभा देते.

हेच कलम अटकेच्या वेळी जीव घेण्याला मर्यादा घालते. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यातील आरोपी त्यातून वगळले आहेत. पण वगळले म्हणजे परवाना दिला, असे नव्हे. स्वसंरक्षणाचा हक्क पोलिसालाही आहे, मात्र धोक्याच्या प्रमाणातच.

चकमकीत मृत्यू झाल्यास एफआयआर, स्वतंत्र तपास आणि दंडाधिकारी चौकशी सर्वोच्च न्यायालयाने 'पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र' खटल्यात सांगितली आहे. निकालाची तारीख : 23 सप्टेंबर 2014. बरोबर दहा वर्षे आधी! बदलापूर प्रकरणात दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने पाच पोलिसांना जबाबदार धरले. अर्थात तो चौकशीचा निष्कर्ष, दोषसिद्धी नव्हे.