व्हिस्कीची चव कळायची कशी?

प्रश्न : वय ४२. लग्नकार्यात सोडा घालून व्हिस्की घेतली, पण चव कधी कळली नाही. आता सिंगल माल्ट घेऊन पाहावीशी वाटते. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : दोष तुमच्या जिभेचा नाही. भरपूर सोडा आणि बर्फात चव दबते. शिवाय आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत अनेकदा उसाच्या मळीचं स्पिरिट असतं. सिंगल माल्ट एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून बनते.

गोव्याच्या पॉल जॉनपासून सुरुवात करा. ‘ब्रिलियन्स’मध्ये धुराचा वास नाही, ‘एडिटेड’मध्ये थोडा, ‘बोल्ड’मध्ये भरपूर. याच क्रमाने घेतल्यास धुराने काय फरक पडतो ते नेमकं कळेल. पुढे बंगळुरूची ‘अमृत फ्यूजन’ घ्या. तिच्यात भारतीय आणि धुरी दिलेली स्कॉटिश बार्ली एकत्र येते. लेबलवर ‘१२ वर्षं’ नसलं तरी बिचकू नका. आपल्या उष्ण हवेत व्हिस्की पिंपात लवकर मुरते.

तिखट शेवभाजीच्या आधी, पण थोडं काही साधं खाऊन ३० मिली घ्या. आधी वास, मग छोटा घोट, नंतर पाण्याचे चार थेंब टाकून पुन्हा घोट.

महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण आणि परवाना लागतो. गोवा किंवा मध्य प्रदेशातून बाटली विनापरवाना आणू नका. मधुमेह, यकृताचा त्रास किंवा नियमित औषधं असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. तीन-चार प्रकार चाखूनही आवडली नाही, तर खुशाल सोडून द्या.