आंब्याचे वय ओळखा, मग खत घाला



आंबा हा फळांचा राजा, हे आपण पहिलीपासून ऐकतो. आपल्या मलकापूरहून रत्नागिरीला जाताना जो घाट लागतो त्याचे नावही आंबाच! उन्हाळ्यात हापूसच्या पेट्या तोच घाट चढून कोल्हापूरच्या बाजारात जातात. पण आंबा काही घाटाखालीच होतो असे नाही. आपल्या शाहूवाडी तालुक्यातही बांधावर, परड्यात आणि डोंगरउतारावर रायवळ आंबे आहेत, कलमेही आहेत.

या कलमांत लहानमोठ्या दोन पिढ्या आढळतात. आपल्या राज्यात १९९० साली रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग योजना सुरू झाली. त्या सुरुवातीच्या काळात लावलेली कलमे आज तीस वर्षांच्या पुढची आहेत. २०१८ साली भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आली. तेव्हापासून लावलेली कलमे अजून बाळपणात आहेत.

आता प्रश्न असा, की या दोघांना खत एकच द्यायचे का वेगवेगळे? किती द्यायचे? आणि कोठे घालायचे? चला, क्रमाने पाहू.

१) झाड काय खाते?

झाडाला मुख्यतः तीन अन्नद्रव्ये लागतात.

नत्र – पाने आणि फांद्या वाढवते. युरियात १०० किलोमागे ४६ किलो नत्र असते.

स्फुरद – मुळे बळकट करते. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १०० किलोमागे १६ किलो स्फुरद असते.

पालाश – फळाची प्रत सुधारते, झाडाला रोग आणि कोरड सोसायची ताकद देते. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये १०० किलोमागे ६० किलो पालाश असते.

यांच्या जोडीला शेणखत हवेच. शेणखताने माती भुसभुशीत होते, ओल टिकते आणि वरचे खत मुळांना लागू पडते. भाकरीबरोबर कालवण लागते ना, तसेच हे!

२) लहान झाडाची गरज

लहान कलमाचे काम म्हणजे मुळे खोल नेणे आणि फांद्यांचा सांगाडा तयार करणे. त्याने एवढ्यात फळ द्यायचे नसते. म्हणून पहिली तीन-चार वर्षे मोहोर आला तरी तो खुडून टाकतात. आपल्याला वाईट वाटते, पण झाडाचे भले त्यातच असते.

लहान झाडाची मुळे कोवळी असतात. युरिया बुंध्याला चिकटून पडला, की मुळे करपतात आणि पाने कडेने तपकिरी होतात. कच्चे शेण घातले तर ते कुजताना तापते, शिवाय हुमणी आणि वाळवी येते. म्हणून शेणखत चांगले कुजलेले, काळे आणि वास नसलेलेच घ्यावे.

३) मोठ्या झाडाची गरज

मोठ्या झाडाला पालवी, मोहोर आणि फळ अशी तीन कामे असतात. हंगामात शेकडो फळे उतरली, की झाडातले अन्न फळांबरोबर बाजारात जाते. ते परत दिले नाही तर झाड थकते. हापूसला तर मुळातच एक वर्षाआड फळ धरायची खोड आहे. उपाशी झाडात ती जास्तच दिसते.

मोठ्या झाडाच्या बाबतीत आपल्याकडे एक गोष्ट नेहमी घडते. आपला भाग उसाचा. घरात युरियाचे पोते असतेच. उसाला घालून उरले, की तेच आंब्याच्या बुडात ओततात. ऊस म्हणजे पाला आणि कांडी, त्याला नत्र भरपूर लागते. आंब्याला नुसते नत्र मिळाले तर तोही पाल्यालाच लागतो! मग लोक म्हणतात, "झाड कसं हिरवंगार हाय बघा, पण आंबा न्हाई." त्या झाडाला पालाश आणि स्फुरद मिळालेलेच नसते.

४) किती द्यायचे?

दापोलीला डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आहे. ते १९७२ साली स्थापन झाले. हापूसच्या कलमांसाठी त्यांनी सांगितलेले माप पाठ करायला अगदी सोपे आहे.

पहिल्या वर्षी एका झाडाला १५० ग्रॅम नत्र, ५० ग्रॅम स्फुरद, १०० ग्रॅम पालाश आणि एक घमेले शेणखत. पुढे दरवर्षी तेवढेच वाढवत जायचे. दहाव्या वर्षी ते दहापट होते. त्यानंतर माप वाढवायचे नाही. वीस वर्षांच्या आणि पस्तीस वर्षांच्या झाडाला दहाव्या वर्षाचेच माप.

दुकानात नत्र म्हणून पोते मिळत नाही, युरिया मिळतो. म्हणून आम्ही हिशोब करून ठेवला आहे. (एका झाडाला, अंदाजे)

पहिले वर्ष: युरिया ३२५ ग्रॅम, सुपर फॉस्फेट ३१० ग्रॅम, पोटॅश १६५ ग्रॅम, शेणखत १ घमेले.

चौथे वर्ष: युरिया १ किलो ३०० ग्रॅम, सुपर फॉस्फेट १ किलो २५० ग्रॅम, पोटॅश ६६५ ग्रॅम, शेणखत ४ घमेली.

दहावे वर्ष आणि पुढे: युरिया ३ किलो २५० ग्रॅम, सुपर फॉस्फेट ३ किलो १२५ ग्रॅम, पोटॅश १ किलो ६६५ ग्रॅम, शेणखत १० घमेली.

बघा, खते तीच तीन आहेत. बदलते ते माप. म्हणून लक्षात ठेवायचे, खत तेच, माप वयाचे.

५) कोठे घालायचे?

आपण जेवताना घास तोंडात घालतो, पाठीवर ठेवत नाही. झाडाचे तोंड म्हणजे त्याची बारीक तंतुमुळे. बुंध्याजवळची जाड मुळे झाड धरून ठेवतात. अन्न घेणारी मुळे पुढे, फांद्यांच्या सावलीखाली पसरलेली असतात.

लहान कलमाला बुंध्यापासून हातभर अंतर सोडून गोल आळे करावे. मोठ्या झाडाला बुंध्यापासून पाच-सहा फुटांवर, सुमारे एक फूट रुंद आणि अर्धा फूट खोल गोल चर काढावा. त्यात शेणखत व खते मिसळून घालावीत आणि चर मातीने बुजवावा. झाड उतारावर असेल तर चढाच्या बाजूला अर्धगोल चर काढावा, म्हणजे खत पाण्याबरोबर झाडाकडे येते.

६) कधी घालायचे?

मृगाचा पाऊस पडून जमीन ओली झाली, की सगळे शेणखत, स्फुरद, पालाश आणि अर्धे नत्र द्यावे. उरलेले अर्धे नत्र पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑगस्टच्या अखेरीस द्यावे. आपल्याकडे आषाढात पाऊस कोसळतो. तेव्हा टाकलेला युरिया विरघळून सरळ ओढ्याला जातो. पैसे आपले, पण खत ओढ्याचे!

दिवाळीनंतर मात्र मोठ्या झाडाला नत्र देऊ नये. मोहोरापूर्वी झाडाला विश्रांती हवी असते. त्या वेळी नत्र मिळाले तर मोहोराऐवजी पालवी फुटते. फळे वाटाण्याएवढी, गोटीएवढी आणि अंड्याएवढी झाली, की तीन वेळा पोटॅशियम नायट्रेट फवारतात. एक लिटर पाण्याला १० ग्रॅम पुरते. त्याने फळगळ कमी होऊन फळ पोसते.

७) आपली माती

वरचे माप कोकणातल्या हापूससाठी आहे. आपल्या डोंगरउताराची तांबडी, जांभ्याची माती त्या मातीच्या जवळची आहे. ती आम्लधर्मी असते आणि तिच्यातले लोह स्फुरदाला धरून ठेवते. म्हणून सुपर फॉस्फेट वर फेकू नये, शेणखतात मिसळून चरातच घालावे. नदीकाठची काळी माती वेगळी असते. तेव्हा माती तपासून घेणे सर्वांत उत्तम. २०१५ पासून देशात मृदा आरोग्य पत्रिका देतात. घरी ती पेटीत पडली असेल तर बाहेर काढा. ती कशी वाचायची हे कृषी खात्याचे अधिकारी सांगतात.

८) कुऱ्हाड लावण्याआधी

पालकांना आमची एक विनंती आहे. मोहोर धरत नाही म्हणून मोठे झाड "वांझ" ठरते आणि लाकडाच्या भावाने जाते. तीस वर्षे वाढलेले झाड एका दिवसात आडवे होते, आणि नवे कलम लावले तर चांगले फळ द्यायला पुन्हा आठ-दहा वर्षे लागतात. म्हणून आधी तीन गोष्टी पाहा. झाडावर बांडगूळ आहे का? आतल्या फांद्या दाटून ऊन अडते का? आणि गेली काही वर्षे त्याला नुसता युरियाच मिळाला का? बांडगूळ फांदीसह काढा, दाट फांद्या विरळ करा आणि तिन्ही खते दोन-तीन हंगाम मापाने देऊन बघा. मग काय ते ठरवा.

९) काळजी घ्या

मुलांनी खत उघड्या हाताने धरू नये. युरियाचे पोते गोठ्यात ठेवू नये. मीठ समजून जनावराने चाटले तर विषबाधा होऊन जनावर दगावते. खत मोजायचे भांडे परत घरात वापरू नये.

स्वाध्याय

(१) एका शेतकऱ्याकडे चार वर्षांची ६ कलमे आणि तीस वर्षांची २ झाडे आहेत. वर्षाला एकूण युरिया किती लागेल?
(२) हे पोत्याच्या किती भाग झाले? (युरियाचे पोते ४५ किलोचे असते.)
(३) तुमच्या परड्यातल्या आंब्याचे वय घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि त्याचे खताचे माप काढा. वहीत लिहून आई-वडिलांना दाखवा.

उत्तरे: (१) ७ किलो ८०० ग्रॅम आणि ६ किलो ५०० ग्रॅम मिळून १४ किलो ३०० ग्रॅम. (२) पोत्याचा तिसरा हिस्साही नाही. म्हणजे उरलेल्या पैशात सुपर फॉस्फेट आणि पोटॅश आणता येते!